नाण्यावरचा चेहरा

बँकेतल्या ठेवींच्या व्याजातून मुळातच आयकर कापून घ्यायचा, हा नियम १ जुलै १९९५ पासून लागू झाला आणि त्याच महिन्यात माझी बदली वसई तालुक्यातल्या एका शाखेत झाली. त्यामुळे माझ्या तिथल्या कारकिर्दीची सुरुवात शिव्या खाण्याने झाली. वर्षाचं व्याज दहा हजारांच्या वर गेलं की बँकेने कर कापायचा आणि सरकारात भरायचा, एवढाच तो नियम. पण ठेवीदारांना वाटे, हा नवा मॅनेजरच पदरचा काहीतरी उद्योग करतो आहे.

नियमाला दोन पळवाटा होत्या. दहा हजारांची मर्यादा शाखेपुरती होती. ठेव चार शाखांत वाटून ठेवली की कुठेच कर कापला जात नसे. दुसरी पळवाट म्हणजे पंधरा-एच नावाचा फॉर्म. माझ्या उत्पन्नावर कर बसत नाही, असं ठेवीदाराने लिहून द्यायचं आणि बँकेने ते मुकाट्याने फाइलला लावायचं. ज्यांच्यावर खरोखरच कर बसत नव्हता त्यांच्यासाठी तो फॉर्म होता. भरत मात्र सगळेच. ठेवी टिकवायच्या तर हे उपाय गिऱ्हाइकाला गोड शब्दांत समजावून सांगणं हा आम्हा मॅनेजर लोकांचा नित्यक्रमच झाला होता. मीही सांगत असे. त्यात काही गैर आहे असं मला वाटत नव्हतं, हे आधीच कबूल करतो.

अशात एक दिवस एक निवृत्त शिक्षक पाच लाखांची ठेव ठेवायला आले. धोतर, पांढरा सदरा, गळ्यात बारीकसा क्रूस. अख्खा गाव त्यांना मास्तर म्हणे. मीही इथे मास्तरच म्हणतो. मी सवयीने फॉर्म पुढे सरकवला आणि म्हटलं, "मास्तर, इथे सही करा, एक पैसा कापला जाणार नाही." त्यांनी चष्मा लावला आणि फॉर्म पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. बँकेचा फॉर्म वाचणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

"साहेब, यात लिहिलंय की माझ्यावर कर बसत नाही."

"हो."

"पेन्शन आणि हे व्याज धरलं तर बसतो ना?"

त्या वर्षी चाळीस हजारांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त होतं. बारा टक्क्यांनी व्याजच साठ हजार होत होतं. मी म्हटलं, "बसतो. पण सगळेच भरून देतात, मास्तर."

"सही मात्र माझी एकट्याची आहे," असं म्हणून त्यांनी फॉर्म घडी न घालता परत दिला.

पुढे ओळख वाढली. वसईच्या त्या पट्ट्यात संध्याकाळी घराच्या ओट्यावर बसून गप्पा मारायची पद्धत होती. आमच्या शाखेत वीज गेली की मी मास्तरांच्या ओट्यावर जाऊन बसत असे. तिथेच मला कळलं की ते पाच लाख वाडीचा एक तुकडा विकून आलेले होते, आणि खरं तर ते सात-आठ लाख व्हायचे होते. घेणाऱ्याने निम्मी रक्कम चेकने आणि निम्मी रोख देऊ केली होती. मास्तर म्हणाले, सगळे कागदावर लिहा. मग घेणाऱ्याने भाव पाडला. मास्तरांच्या पत्नीचं ऑपरेशन अडलं होतं, थांबायला वेळ नव्हता. त्यांनी पाडलेल्या भावात विकलं आणि वर करही भरला. मुलगा त्यानंतर वर्षभर बापाशी बोलला नाही. आणि मुलाचं काही चुकलं होतं असं मला आजही छातीठोकपणे म्हणता येत नाही. तत्त्व बापाचं होतं, पैसे घराचे गेले होते.

"बायबलात कैसराला कर द्या असं सांगितलंय म्हणून का?" मी एकदा विचारलं. ख्रिस्ती धर्माविषयी माझं ज्ञान तेव्हा तेवढंच होतं. मास्तर हसले. म्हणाले, "ते वचन सगळ्यांना पाठ असतं. गोष्ट कुणाला नीट ठाऊक नसते."

मग त्यांनी ती सांगितली. पुढे मी स्वतः वाचत गेलो, त्यामुळे आता त्यांचं किती आणि माझं किती हे वेगळं करता येत नाही. इसवी सन ६ मध्ये यहुदिया प्रांत रोमच्या थेट अमलाखाली आला. कर बसवण्यासाठी शिरगणती झाली. तेव्हा गालीलच्या यहुदा नावाच्या माणसाने बंड केलं. परक्याला कर देणं म्हणजे देव सोडून दुसरा धनी मानणं, असं त्याचं म्हणणं होतं. बंड चिरडलं गेलं, पण प्रश्न धुमसत राहिला. पंचवीसेक वर्षांनी तोच प्रश्न यरुशलेमच्या मंदिरात येशूला विचारला गेला: कैसराला कर द्यावा की देऊ नये? विचारणारे दोन गट एरवी एकमेकांचं तोंड बघत नसत. द्या म्हणावं तर लोक चिडणार, देऊ नका म्हणावं तर शिपाई धरून नेणार. पेच पक्का होता.

येशूने नाणं मागितलं. इथे माझ्यातला कॅशियर जागा होतो. म्हणजे त्याच्याजवळ नाणं नव्हतं आणि विचारणाऱ्यांच्या कनवटीला मात्र होतं, तेही मंदिरात! एका दिवसाच्या मजुरीएवढं ते चांदीचं नाणं. त्यावर तिबेरिय कैसराचं मुंडकं आणि तो दैवी ऑगस्टसचा पुत्र असल्याचा लेख. मूर्ती न मानणाऱ्यांच्या मंदिरात राजाला देवाचा मुलगा म्हणणारं नाणं. हा चेहरा कुणाचा, असं येशूने विचारलं; कैसराचा, असं त्यांना म्हणावं लागलं. मग ज्याची वस्तू त्याला परत करा, आणि देवाची देवाला, असं सांगून तो मोकळा झाला.

बँकवाल्याला यातलं पहिलं अर्धं लगेच समजतं. ज्याच्या नाण्यावर बाजार चालवता, ज्याचे रस्ते वापरता, त्याची मागणी आल्यावर अचानक सोवळं नेसता येत नाही. अडचण दुसऱ्या अर्ध्यापाशी आहे. देवाचं म्हणजे काय काय? दुसऱ्या शतकाच्या अखेरीस झालेल्या तर्तुलियन नावाच्या उत्तर आफ्रिकेतल्या पंडिताने याचं उत्तर फार सुरेख दिलं आहे. नाण्यावर कैसराची प्रतिमा आहे, म्हणून नाणं कैसराचं. माणूस देवाच्या प्रतिमेचा घडवला आहे, असं बायबलच्या पहिल्याच प्रकरणात आहे. म्हणून माणूस देवाचा. म्हणजे कर मागा, माणूस मागू नका. हे ध्यानात घेतलं तर ते वचन सरकार आणि धर्म यांच्या मधलं कुंपण राहत नाही. उलट कैसराच्या वाट्याला चिल्लर येते आणि बाकीचं सगळं त्याच्या हाताबाहेर जातं. गंमत म्हणजे पुढे येशूला पिलाताच्या समोर उभं केलं तेव्हा लूकने सांगितल्याप्रमाणे एक आरोप असाच होता, की हा माणूस लोकांना कैसराला कर देऊ नका म्हणून सांगतो. साक्षीदारांनी दुसरं अर्धं बरोबर ओळखलं होतं म्हणायचं!

पौलाची गोष्ट मात्र वेगळी. त्याने साधारण इसवी सन ५७ च्या सुमारास रोममधल्या ख्रिस्ती मंडळींना पत्र लिहिलं. त्याच्या तेराव्या अध्यायात तो आडवळण घेत नाही. राज्यकर्त्यांना सत्ता देवाकडून मिळालेली आहे, ते देवाचे सेवक आहेत, म्हणून त्यांच्या अधीन राहा आणि कर भरा. केवळ शिक्षेच्या भीतीने नव्हे, तर मनाला पटतं म्हणूनही. गादीवर तेव्हा नीरो होता. रोममध्ये जकात वसूल करणाऱ्यांच्या जुलमाबद्दल इतकी ओरड झाली होती की इसवी सन ५८ मध्ये खुद्द नीरोने सगळ्या जकाती बंद कराव्यात का, असा विचार केल्याचं टॅसिटसने नोंदवलं आहे. अशा शहरातल्या मूठभर गरीब लोकांना पौल सांगत होता की जकातीच्या दंग्यात पडू नका. मला तरी ते जाणत्या वडीलधाऱ्याचं काळजीचं पत्र वाटतं. परंपरा सांगते की त्याच नीरोच्या राज्यात पौलाचा शिरच्छेद झाला.

पण पत्र लिहिणारा जातो आणि पत्र उरतं. राज्यकर्त्यांना तो अध्याय फार आवडला. जर्मनीत हिटलरच्या काळात कितीतरी पाळक त्याच्या आडोशाला उभे राहिले. १९३४ च्या बार्मेन घोषणेत काहींनी वेगळा सूर लावला. डीट्रिख बोनहोफर हा पाळक तर हिटलरविरुद्धच्या कटात सामील झाला आणि ९ एप्रिल १९४५ ला फासावर गेला. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी सरकार तोच तेरावा अध्याय पुढे करत असे. १९८५ च्या कायरोस दस्तऐवजात तिथल्या ख्रिस्ती विचारवंतांनी त्याचं खंडन केलं. त्यांचा आधारही बायबलचाच होता. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात पेत्र सत्ताधाऱ्यांना तोंडावर सांगतो की माणसांपेक्षा देवाचं ऐकणं आम्हाला भाग आहे. एकाच पोथीत दोन्ही. आपल्याकडच्या पोथ्या तरी वेगळ्या कुठे आहेत!

नुसत्या कराचंच बोलायचं तर क्वेकर पंथाची मंडळी मला फार जवळची वाटतात. १७५५ मध्ये पेनसिल्व्हेनियात युद्धासाठी कर बसला तेव्हा जॉन वूलमन आणि त्याच्या काही सोबत्यांनी तो भरता येणार नाही असं जाहीर पत्र लिहिलं. रक्तासाठी पैसे देणं आणि स्वतः बंदूक चालवणं यात त्यांना फरक दिसेना. अगदी अलीकडे, १९८२ मध्ये, अमेरिकेतल्या सिएटलचे कॅथलिक आर्चबिशप रेमंड हंटहाउझन यांनी अण्वस्त्रांच्या निषेधार्थ आपला निम्मा आयकर रोखून धरला. सरकारने तो त्यांच्या पगारातून वसूल केला. आर्चबिशपांनी आरडाओरडा केला नाही. होणार हे त्यांना माहीत होतं.

आपल्या देशात हा वाद गांधीजींपर्यंत आला. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळी काही ख्रिस्ती मंडळींनी त्यांना कैसराच्या वचनाची आठवण करून दिली. गांधीजींनी 'यंग इंडिया'तून उत्तर दिलं. त्यांच्या मते येशूने सापळा चुकवला आणि विचारणाऱ्यांना टोमणा मारला, की राजाच्या नाण्याचा लाभ घेता तर कर कसा नाकारता? म्हणजे आधी तो लाभ सोडा. येशूची सगळी शिकवण असहकाराचीच आहे आणि करबंदी तिच्यातच येते, असं त्यांनी लिहिलं. पुढे त्याच माणसाचा चेहरा आपल्या नोटांवर आला. येशूने आज नोट मागून घेतली असती तर कुणाचा चेहरा म्हणून काय उत्तर मिळालं असतं, या कल्पनेने मला हसू येतं. आणि थोडं वाईटही वाटतं, त्याचं कारण पुढे सांगतो.

वसईच्या ख्रिस्ती समाजाला कैसर नवे नाहीत. १७३९ पर्यंत पोर्तुगीज, मग चिमाजी अप्पांनी किल्ला घेतल्यावर मराठे, मग इंग्रज, मग आपलं सरकार. त्याच विहिरी, त्याच केळीच्या बागा, आणि सारा मागायला येणारे पागोटे बदललेले. आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस जेव्हा शेतजमिनी बांधकामाला मोकळ्या करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा याच समाजातल्या एका धर्मगुरूने, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी, हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली लोकांना रस्त्यावर आणलं. मास्तर त्या मोर्चात होते. मी त्यांना चिडवलं, "फॉर्मवर सही करत नाही आणि सरकारविरुद्ध घोषणा देता?"

"सरकार चुकलं तर तोंडावर सांगायचं. ते सांगताना माझ्या खिशात त्याचे चोरलेले पैसे असतील तर माझा आवाज निघेल का?" मास्तर म्हणाले.

मला वाटतं, हाच सगळा मुद्दा आहे. वूलमन, हंटहाउझन आणि मास्तर. दोघांनी कर नाकारला, तिसऱ्याने भरला. पण तिघंही एकाच बाकावर बसणारी माणसं. जे केलं ते नाव घालून, उजेडात, आणि त्याची किंमत स्वतः चुकवून. आपल्या पंडिता रमाबाईंनीही १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यातल्या सरकारी व्यवस्थेवर वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिलं, तेही राज्यकर्ते आपल्याच धर्माचे असताना. त्या बाकावर आपल्यासारख्यांना जागा नाही. आपण कर नाकारत नाही आणि भरतही नाही. आपण बिलाशिवाय फ्रीज घेतो.

मास्तरांची मुलगी नन झाली होती. ती अनुदानित शाळेत गणित शिकवे आणि तिचं पगाराचं खातं आमच्याच शाखेत होतं. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सिस्टर यायची आणि पगार जसाच्या तसा संस्थेच्या खात्यात वळवायची. मागे फक्त किमान शिल्लक. ननने दारिद्र्याचं व्रत घेतलेलं असतं. तिच्या पगारातून आयकर कापला जात नसे, कारण १९४४ मध्ये, इंग्रजांच्या काळात, एक परिपत्रक निघालेलं होतं: मिशनरी आपल्याला मिळालेली फी संस्थेला देऊन टाकत असतील तर ती त्यांचं उत्पन्न धरू नये. सत्तर वर्षं त्याच्या आधारावर काम चाललं. २०१४ च्या अखेरीस आयकर खात्याने भूमिका बदलली. परिपत्रकात फी म्हटलंय, पगार नव्हे. पगार सरकारच्या तिजोरीतून ननच्या नावाने निघतो, तेव्हा कर कापा.

तामिळनाडू आणि केरळमधल्या धर्मसंस्था कोर्टात गेल्या. त्यांचा युक्तिवाद मोठा रंजक होता. चर्चच्या कायद्याप्रमाणे व्रत घेतलं की ती व्यक्ती मालमत्तेच्या दृष्टीने मेलेलीच. आपल्या जुन्या हिंदू कायद्यातही संन्याशाचा असाच व्यवहारी मृत्यू होतो, त्यामुळे वाचकांना हे नवीन वाटू नये. मेलेल्या माणसाला पगार कसला? आयकराच्या भाषेत सांगायचं तर पाट उगमापाशीच वळवला तर पाणी माझ्या शेतात आलंच नाही; पण शेतात आल्यावर मी ते शेजाऱ्याला दिलं तर तो माझा दानधर्म, आणि त्यावर कर लागतो. ननचा पाट कुठे वळतो, एवढाच वाद. मद्रास उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१९ मध्ये निकाल खात्याच्या बाजूने दिला, आणि देताना कैसराच्या त्याच वचनाची आठवण करून दिली. अखेर ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने ९३ अपिलं फेटाळली. पगार घेतल्यावर तो कुणाला द्यायचा हा तुमचा प्रश्न. हिंदू पुजाऱ्याने असं म्हटलं तरी उत्तर हेच, अशा अर्थाचं ते बोलले.

मला निकाल योग्य वाटतो. व्रत ही ननने तिच्या देवाला दिलेली सही आहे, सरकारने ती वाचू नये. सरकार व्रतं वाचायला लागलं की कुणाचं व्रत खरं हेही तेच ठरवणार, आणि ते कुठल्याच धर्माला परवडणारं नाही. तरी एक गोष्ट खुपते. पगारातला रुपयाही स्वतःसाठी न ठेवणाऱ्या बाईला कायद्याच्या लेखी आणि माझ्या लेखी काही फरक नाही. कायद्याने तो करू नये हे कबूल. पण मला स्वतःला तो केल्याशिवाय राहवत नाही.

कारण १९९८ मध्ये मी फ्लॅट घेतला. मास्तरांच्या ओट्यावर इतक्या संध्याकाळी घालवून झाल्यावर घेतला. बिल्डरने एक आकडा करारात लिहायचा सांगितला आणि दुसरा पिशवीत आणायचा सांगितला. बायको म्हणाली, सगळेच देतात. मी तिला सहीचं काही बोललो नाही. पाचशेच्या नोटांची बंडलं मी स्वतः मोजली. कॅशियर म्हणून सुरुवात केलेला माणूस, हात सरावलेले. प्रत्येक नोटेवर तोच चष्मा आणि तेच हसू. गिऱ्हाइकांना पंधरा-एच सरकवणं हा नोकरीचा भाग होता असं मी स्वतःला सांगू शकतो. पिशवीचं तसं काही सांगता येत नाही. आजही मी त्याच फ्लॅटमध्ये बसून हे लिहितो आहे, आणि करारातला आकडा खोटाच आहे.

मास्तर २००९ मध्ये गेले. फ्लॅटचं मी त्यांना कधी सांगितलं नाही. त्यांनी वास्तुशांतीला केळीचा घड पाठवला होता.

निकालानंतर महिनाभराने सिस्टरचा फोन आला. ती आता निवृत्त आहे, पेन्शनही पगारासारखीच संस्थेत जाते. "मॅनेजर साहेब, आता रिटर्न मला भरायला लागेल का? मी तर आयुष्यात भरलेलं नाही." मी निवृत्त होऊनही कितीतरी वर्षं झाली, पण तिच्या लेखी अजून मॅनेजरच.

मी विचारलं, "सिस्टर, निकाल तुम्हाला पटला का?"

"पैसे कधी माझे नव्हतेच, मग त्यातले थोडे सरकारने घेतले काय आणि सगळे संस्थेने घेतले काय," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पण कागदावर माझं उत्पन्न असं लिहायला हात धजत नाही. खोटं लिहिल्यासारखं वाटतं."

मी म्हटलं, "पॅन कार्ड आहे का?"

होतं. संस्थेच्या कपाटात होतं आणि किल्ली सुपिरिअरकडे. दुसऱ्या दिवशी कार्ड हातात घेऊन तिने पुन्हा फोन केला आणि शाळेत पाढे सांगावेत तसं एक एक अक्षर सुटं करून नंबर सांगितला. मी लिहून घेतला. नंतर, मी विचारलेलं नसताना, तिने त्याखालचं वडिलांचं नावही वाचून दाखवलं. तेही मी लिहून घेतलं.